वाचकांचे प्रश्न : स्पेक्ट्रमवर पडत्या ठोकळ्यांचा खेळ

सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक एप्रिल १९८२मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आला. पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन त्याचीच ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ ही आवृत्ती भारतात विकली. हे यंत्र आजही हौसेने चालवणारे, नाहीतर आधुनिक संगणकावर फ्यूजसारखा एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) टाकून त्याचा आनंद घेणारे वाचक आपल्याकडे आहेत. वरून पडणाऱ्या ठोकळ्यांचा, म्हणजे टेट्रिससारखा, खेळ स्वतः लिहिताना अडलेल्या अशा वाचकांच्या निवडक प्रश्नांना ही उत्तरे.

प्रश्न : हा खेळ नुसत्या बेसिकमध्ये (यंत्रातल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत) लिहिता येईल का? कोणती घरे भरलेली आहेत हे मी २० बाय १० च्या ॲरेमध्ये (आकड्यांच्या तक्त्यात) ठेवतो आणि तेच पडद्यावरही छापतो. पण दोन्हींचा मेळ राहत नाही. कुठेतरी पडद्यावर घर रिकामे दिसते आणि ठोकळा मात्र तिथे अडतो. — एक वाचक, अकोला

येईल. मेळ राहत नाही, कारण एकच गोष्ट तुम्ही दोन ठिकाणी लिहिता. ॲरे काढून टाका आणि पडद्याच्या रंगांची जी मेमरी आहे तिलाच खेळाची पाटी करा. स्पेक्ट्रमची जडणघडण या खेळाला जितकी सोयीची आहे तितकी फार थोड्या खेळांना असेल, आणि तिचा पुरेपूर फायदा घ्यायला हवा.

पडद्यावर ३२ स्तंभ आणि २४ ओळी असतात. त्यातल्या प्रत्येक ८ बाय ८ ठिपक्यांच्या घराला रंगाचा एक बाइट, म्हणजे ॲट्रिब्यूट. असे ७६८ बाइट २२५२८ या पत्त्यापासून ओळीने मांडलेले असतात. ओळ य आणि स्तंभ क्ष असेल, तर पत्ता २२५२८ + ३२ × य + क्ष. ठिपक्यांच्या मेमरीत पत्ते तीन भागांत उलटसुलट विभागलेले असतात. तसा गोंधळ इथे नाही. एका घरात दोनच रंग मावतात म्हणून स्पेक्ट्रमवर हलत्या चित्रांचे रंग एकमेकांत मिसळतात, ही या यंत्राची जुनी तक्रार. आपला ठोकळा मात्र नेहमी पुऱ्या घरातच बसतो, त्यामुळे ती अडचण इथे उद्भवतच नाही.

ॲट्रिब्यूटच्या बाइटमध्ये शाईचा रंग ० ते ७, कागदाचा रंग ८ ने गुणून, आणि ‘ब्राइट’ असेल तर ६४ मिळवायचे. काळा सोडला तर रंग उरतात सात, आणि चार घरांचे ठोकळेही सातच. ठोकळ्याचा क्रमांक हाच कागदाचा रंग धरा. आता या तीन किमती पाळा : रिकामे घर ०; पडत असलेला ठोकळा ८ × रंग, म्हणजे ८ ते ५६; खाली बसलेला ठोकळा ६४ + ८ × रंग, म्हणजे ७२ ते १२०. भिंती आणि तळ १२०. ‘इथे अडतंय का’ या प्रश्नाचे उत्तर एका तुलनेत मिळते : त्या पत्त्यावर पीक केल्यावर (तिथला आकडा वाचल्यावर) ६४ किंवा जास्त आले, तर अडते. पडता ठोकळा स्वतः ६४ च्या आत असल्यामुळे तो स्वतःला धडकत नाही. म्हणून तपासणीआधी त्याला पुसावे लागत नाही, आणि पुसून पुन्हा काढताना होणारी लुकलुकही टळते. ठोकळा तळाला बसला की त्याच्या चार घरांत ६४ मिळवा. रंग उजळतो आणि खेळणाऱ्यालाही तो बसल्याचे लगेच कळते.

ठोकळ्यांमधल्या रेषांसाठी यूडीजी ‘ए’ मध्ये (स्वतः आखायच्या चिन्हांपैकी पहिल्यात) सात वेळा १ आणि शेवटी २५५ असे आठ बाइट पोक करा (मेमरीत लिहा). उजवीकडे आणि खाली एकेका ठिपक्याची रेघ येईल. हे चिन्ह सुरुवातीला एकदाच, शाई ० आणि कागद ० ठेवून, सगळ्या चौकटीत छापा. काळ्यावर काळे असल्याने ते दिसत नाही. घराला रंग मिळाला की आपोआप उमटते. त्यानंतर खेळभर ठिपक्यांच्या मेमरीला हात लावायची गरज नाही. इथे एक चूक हमखास होते : शाई ७ तशीच राहते आणि रिकाम्या चौकटीत पांढरी जाळी दिसू लागते. निळा ठोकळा जुन्या टीव्हीवर काळ्यात बुडतो, म्हणून त्याच्यापुरती शाई पांढरी करा : पडताना ८ ऐवजी १५, बसल्यावर ७२ ऐवजी ७९.

चौकट ओळ १ ते २० आणि स्तंभ ११ ते २० अशी घ्या. भिंती स्तंभ १० आणि २१ मध्ये, तळ ओळ २१ मध्ये, म्हणजे पत्ता २३२१० ते २३२२१. खालच्या दोन ओळी बेसिक स्वतःच्या संदेशांसाठी राखून ठेवते; तिकडे जाऊ नका. वरची ओळ ० मोकळी सोडायची, पण भिंती मात्र ओळ ० पासूनच उभ्या करायच्या. नाहीतर वरच्या बाजूला फिरवलेला ठोकळा कोपऱ्यातून बाहेर डोकावतो.

प्रश्न : सात ठोकळ्यांच्या सगळ्या दिशा साठवायची सुटसुटीत रीत कोणती? मी ४ बाय ४ चे तक्ते केले आहेत. प्रत्येक वेळी सोळा घरे तपासताना खेळ रखडतो. — नाशिकहून

सोळातली बारा घरे रिकामीच असतात, ती तपासायची कशाला? प्रत्येक दिशेसाठी चारच आकडे ठेवा : ठोकळ्याच्या आसापासून (ज्या घराभोवती तो फिरतो तिथून) त्या घरापर्यंतचे पत्त्याचे अंतर. डावीकडे उणे १, उजवीकडे १, वर उणे ३२, खाली ३२. मग ‘टी’ची पहिली दिशा होते उणे ३२, उणे १, ०, १. घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर उणे ३२, ०, १, ३२. मग उणे १, ०, १, ३२. शेवटी उणे ३२, उणे १, ०, ३२.

बाकीच्यांच्या सुरुवातीच्या दिशा अशा : लांब काठी उणे १, ०, १, २; तीच उभी उणे ३२, ०, ३२, ६४. चौकोन ०, १, ३२, ३३, आणि तो फिरत नाही. ‘एस’ ०, १, ३१, ३२; उभा उणे ३३, उणे १, ०, ३२. ‘झेड’ उणे १, ०, ३२, ३३. उभा उणे ३२, उणे १, ०, ३१. ‘एल’ उणे ३१, उणे १, ०, १. ‘जे’ उणे ३३, उणे १, ०, १. शेवटच्या दोघांच्या उरलेल्या दिशा चौकटीच्या कागदावर काढून घ्या. आडवे-उभे अंतर (अ, ब) असेल तर फिरवल्यावर ते (उणे ब, अ) होते. वेगळ्या दिशा एकूण १९ च आहेत, पण तक्ता ७ × ४ असा पूर्ण भरा आणि जिथे दोनच दिशा आहेत तिथे त्याच पुन्हा लिहा. फिरवण्याचा हिशेब सगळ्यांना सारखा राहतो.

यातला कोणताही ठोकळा आसाच्या वर एका घरापेक्षा जास्त जात नाही. त्यामुळे आस ओळ १, स्तंभ १५ वर, म्हणजे २२५७५ या पत्त्यावर सुरू केला की वरची एकच मोकळी ओळ पुरते. ती ओळ सोडली नाही, तर उणे ३२ ने तुम्ही २२५२८ च्या अलीकडे, ठिपक्यांच्या मेमरीत जाता. तिथे लिहिल्यावर पडद्याच्या अगदी तळाशी कारण नसताना रेघोट्या उमटतात. असे काही दिसले की दोष कुठे आहे ते ओळखा.

भिंत एकाच घराची जाड असली तरी चालते. ठोकळ्याची घरे एकमेकांना चिकटलेली असतात, त्यामुळे भिंतीपलीकडे जाणाऱ्या ठोकळ्याचे निदान एक घर भिंतीत सापडतेच. भिंतीलगत फिरवताना अडले, तर आस एक घर डावीकडे, मग एक घर उजवीकडे सरकवून पाहा. तरी अडले तर फिरवणे सोडून द्या. काठीला मात्र कधी दोन घरे सरकवावे लागते. एवढी सवलत दिली की खेळ हाताला मऊ लागतो.

प्रश्न : ओळ पूर्ण झाली की वरचे सगळे खाली आणायला बेसिकला काही सेकंद लागतात. तेवढा वेळ खेळ गोठतो. उपाय सांगा. — एक विद्यार्थी, सातारा

२० ओळी गुणिले १० घरे, म्हणजे २०० वेळा पीक आणि पोक. बेसिक प्रत्येक वेळी आकडेमोड नव्याने करते, म्हणून एवढा उशीर. इथे मशीन कोडला (प्रोसेसरच्या थेट आकडी आज्ञांना) पर्याय नाही, पण लागतात फक्त वीस बाइट. आधी क्लिअर ५९९९९ करा (त्यावरची मेमरी बेसिक वापरत नाही) आणि मग ६०००० पासून हे आकडे क्रमाने पोक करा :

१७, ०, ०, ६२, ०, ३३, २२४, २५५, २५, २२९, १, १०, ०, २३७, १७६, २०९, ६१, ३२, २४२, २०१

बेरीज २०१४ आली पाहिजे. डेटाच्या ओळी वाचताना ही बेरीज प्रोग्रॅमकडूनच तपासून घ्या. एक आकडा चुकला तरी यंत्र गोठते किंवा रीसेट होते आणि न साठवलेले सगळे जाते. म्हणून पहिल्यांदा चालवण्याआधी प्रोग्रॅम टेपवर घ्या.

वापरताना, भरलेल्या ओळीच्या पहिल्या घराचा पत्ता (२२५२८ + ३२ × य + ११) दोन भागांत द्यायचा : २५६ ने भागून उरलेली बाकी ६०००१ मध्ये आणि भागाकार ६०००२ मध्ये. ओळीचा क्रमांक य हा ६०००४ मध्ये. मग यूएसआर ६००००, म्हणजे त्या पत्त्यावरचा कोड चालवा. हा कोड भरलेल्या ओळीपासून सुरू करतो, वरच्या ओळीतली दहा घरे खाली उतरवतो आणि एकेक ओळ वर सरकतो. वीस ओळींना साधारण ५,५०० टी-स्टेट (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) लागतात. प्रोसेसर सेकंदाला ३५ लाख टी-स्टेट चालतो, म्हणजे वेळ सुमारे दीड मिलिसेकंद. पडद्याच्या मेमरीत व्हिडिओ चिपशी वाटून घ्यावे लागते त्यामुळे थोडा जास्त, पण डोळ्याला ते कळणार नाही.

क्रम खालून वरच का? वरून सुरू केले, तर ओळ ० ची नक्कल ओळ १ मध्ये, तीच पुढे २ मध्ये असे होत होत सगळी चौकट रिकामी होते. आणि एका दमात सगळा पट्टा सरकवला, तर चौकटीबाहेरचे गुणांचे आकडेही खाली घसरतात. म्हणून दहा-दहा घरांचे तुकडे. काम झाले की ओळ ० ची दहा घरे शून्य करा, कारण तिच्यात वरून काही उतरत नाही.

आणखी एक चूक जवळजवळ प्रत्येकाच्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये असते. ओळ १८ काढल्यावर १७ वी तिच्या जागी येते. तुम्ही तपासणी खालून वर करत असाल आणि लगेच १७ कडे गेलात, तर खाली आलेली ओळ तपासायची राहून जाते. दोन ओळी एकदम भरल्या की एकच निघते ती यामुळेच. ओळ काढली की तोच क्रमांक पुन्हा तपासा.

हा कोड बोलावताना ‘लेट क्यू = यूएसआर ६००००’ असे लिहा. बरेच जण रँडमाइझ यूएसआर लिहितात. त्यात कोडमधून परतलेला आकडा यदृच्छ क्रमाचे बीज होतो, आणि तो दर वेळी तोच असेल तर ओळ काढल्यावर ठोकळ्यांचा तोच क्रम पुन्हा सुरू होतो. वरचा कोड ० परत करतो आणि ० ला बीज घड्याळातून घेतले जाते, म्हणून इथे बिघडत नाही. पण दुसऱ्या कोडला हे लागू असेलच असे नाही. १६ केच्या यंत्रावर ६०००० हा पत्ताच नसतो. तिथे क्लिअर ३१९९९ करून हेच बाइट ३२००० पासून ठेवा; कोडमधली उडी सापेक्ष असल्याने आकडे बदलत नाहीत.

प्रश्न : डावीकडे सरकवताना ‘खाली’ची कळ दाबली की ठोकळा दोन्हीकडे जायचा सोडून थांबतो. — मडगावहून

इनकी-डॉलर (दाबलेली कळ सांगणारी बेसिकची सोय) दोन कळा एकदम दाबल्या की रिकामे उत्तर देते. कीबोर्डचे पोर्ट थेट वाचा. ‘पी’ आणि ‘ओ’ ५७३४२ वर, ‘क्यू’ ६४५१० वर, ‘ए’ ६५०२२ वर, स्पेस ३२७६६ वर. प्रत्येक पोर्टमधले खालचे पाच बिट म्हणजे पाच कळा, आणि दाबलेल्या कळेचा बिट शून्य होतो. बेसिकमध्ये बिट वेगळे करायची सोय नाही, म्हणून ‘इन’ने पोर्ट वाचून आलेल्या आकड्याला ३२ ने भागा आणि बाकी घ्या. ५७३४२ वर ३१ म्हणजे काहीच दाबलेले नाही, ३० म्हणजे ‘पी’, २९ म्हणजे ‘ओ’.

बाकी न घेता पूर्ण आकड्याची तुलना करू नका. काही न दाबता जुन्या ‘इश्यू २’ बोर्डावर २५५ येतात, तर ‘इश्यू ३’ वर १९१, कारण कॅसेटच्या सॉकेटचा बिट त्यातच असतो. मूळ काळातले काही खेळ नव्या बोर्डावर अडले ते यामुळे.

खेळाला खरी चव येते ती कळांच्या वेळेमुळे, आणि यावर जेवढे कष्ट घ्याल तेवढे थोडे. स्पेक्ट्रमचे घड्याळ सेकंदाला ५० ठोके देते. त्यांची मोजणी २३६७२ वर पीक करून मिळते, आणि २५५ नंतर ती पुन्हा ० होते. दोन वेळांतला फरक उणे आला तर २५६ मिळवायचे. सरकवण्याची कळ धरून ठेवली, तर पहिल्या हालचालीनंतर १० ठोके थांबा आणि पुढे दर ३ ठोक्यांना सरकवा. फिरवण्याची कळ सोडून पुन्हा दाबल्याशिवाय दुसऱ्यांदा फिरवू नका. ‘खाली’ची कळ नवा ठोकळा येताच एकदा सोडली गेली पाहिजे ही अट घाला, ती नसेल तर आधीच्या ठोकळ्यासाठी दाबलेली कळ नव्यालाही खाली आपटते आणि खेळणारा वैतागतो. ठोकळा टेकल्यावर लगेच बसवू नका, २० ठोके सरकवायला द्या. आपोआप पडण्याचा वेग सुरुवातीला २५ ठोक्यांना एक घर ठेवा आणि दर दहा ओळींनी २ ठोके कमी करा.

नुसत्या बेसिकमध्ये दर ३ ठोक्यांचा वेग गाठता येणार नाही. धडक तपासणे आणि चार घरे रंगवणे हे दोन भागही मशीन कोडमध्ये गेले की गाठता येतो. बीप वापरत असाल तर तो ०.०१ सेकंदाइतका छोटा ठेवा. बीप वाजताना इंटरप्ट (घड्याळ पुढे नेणारे संकेत) बंद असतात आणि घड्याळही थांबते, म्हणजे लांब सूर लावला की खेळाचे वेळापत्रकच मागे पडते.

प्रश्न : काठी कित्येकदा येतच नाही. आरएनडीमध्ये (यदृच्छ आकडा देणाऱ्या बेसिकच्या सोयीत) दोष आहे का?

दोष नाही. सातांतून दर वेळी स्वतंत्रपणे एक निवडला, तर सलग २० ठोकळ्यांत काठी न येण्याची शक्यता साडेचार टक्क्यांच्या आसपास असते. लांब डावात हे घडणारच. सातही ठोकळे एका यादीत घ्या, यादी पिसा, ओळीने वाटा आणि संपली की पुन्हा पिसा. मग दोन काठ्यांच्या मध्ये जास्तीत जास्त १२ ठोकळे येतात. पिसताना शेवटच्या जागेपासून सुरू करून प्रत्येक जागेची तिच्यासह आधीच्या कोणत्याही एका जागेशी अदलाबदल करा. ‘कोणत्याही दोन जागा दहा वेळा बदल’ ही रीत नीट पिसत नाही.

प्रश्न : खेळ तयार झाला की मित्रांना वाटायचा आहे. नाव ‘टेट्रिस’ ठेवले तर चालेल का?

ठेवू नका. अलेक्सेय पाझित्नोव यांनी १९८४मध्ये मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात, इलेक्ट्रॉनिका-६० या यंत्रावर हा खेळ लिहिला. त्या यंत्राला चित्रे काढता येत नसल्याने ठोकळे कंसांच्या चिन्हांनी दाखवलेले होते. पाझित्नोव यांना मानधन मिळू लागले ते १९९६ नंतर, हेंक रॉजर्स यांच्यासोबत टेट्रिस कंपनी उभी राहिल्यावर. ते नाव आज नोंदवलेले आहे. २०१२मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयाने एक्सिओ इंटरॅक्टिव्ह या कंपनीविरुद्धच्या दाव्यात ठरवले, की खेळाचा नियम सर्वांना मोकळा असला तरी त्याचे रूप जसेच्या तसे उचलता येत नाही. त्यात ठोकळ्यांचे आकार आणि १० बाय २० ची चौकटही धरली गेली. घरी खेळण्याला कोणी अडवत नाही. वाटायचा असेल तर नाव वेगळे द्या आणि खेळही थोडा आपला करा : १२ बाय १८ ची चौकट, तीन किंवा पाच घरांचे ठोकळे, रंग जुळवण्याचा नियम. चौकट रुंद केली तर वरच्या कोडमधला १२ वा बाइट, म्हणजे १०, तेवढा बदला, बेरीजही त्याप्रमाणे धरा.

प्रश्न : माळ्यावर जुना डीबी स्पेक्ट्रम सापडला आहे. एम्युलेटरवर लिहिलेला खेळ त्यावर कसा चढवायचा? — पुण्याहून एक वाचक

आधी वीज. स्पेक्ट्रमचा अडॅप्टर ९ व्होल्टचा, १.४ अँपिअरचा असतो आणि त्याच्या पिनच्या मधोमध ऋण टोक असते. बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरांत मधोमध धन असते. तो लावला तर यंत्र जाईल. मीटरने तपासल्याशिवाय काहीही जोडू नका. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एवढ्या वर्षांत सुकलेले असतात. ते आधी बदलून घ्यावेत. खालच्या १६ के मेमरीच्या ४११६ चिपना +१२, +५ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात, आणि उणे ५ गेले की त्या चिपही जातात. कीबोर्डचे प्लॅस्टिक पटल कडक होऊन तडकते, त्यामुळे काही कळांची अख्खी रांग मेलेली असू शकते. त्याचे नवे पटल मिळते.

खेळ टेपवर दोन भागांत साठवा : बेसिक ‘सेव्ह … लाइन १०’ ने, म्हणजे चढल्यावर आपोआप सुरू होईल, आणि मशीन कोड ‘सेव्ह … कोड ६००००, २०’ ने. बेसिकच्या पहिल्या ओळीत क्लिअर ५९९९९ आणि मग लोड कोड. क्रम उलटा झाला तर क्लिअरची मर्यादा लागू होण्याआधीच कोड येतो आणि बेसिकचा स्टॅक (तात्पुरत्या नोंदींची मेमरी) त्याच्यावरून फिरू शकतो.

एम्युलेटरमधून टेपची डब्ल्यूएव्ही फाइल करा आणि ती फोनवर घ्या. एमपी३ करू नका, तिच्यात सिग्नलच्या कडा बोथट होतात. फोनच्या हेडफोन सॉकेटमधून स्पेक्ट्रमच्या ‘इअर’ सॉकेटमध्ये मोनो केबल घाला, आवाज पूर्ण ठेवा, इक्वलायझर आणि ध्वनी सुधारणारे सगळे परिणाम बंद करा, फोन विमान-मोडमध्ये टाका. एका मेसेजची टुंग चालू लोड मोडते. किनारीवर आधी लाल-निळसर जाड पट्टे स्थिर दिसले पाहिजेत, मग निळे-पिवळे बारीक. पट्टेच आले नाहीत तर आवाज कमी आहे. जाड पट्टे नीट दिसून पुढे ‘टेप लोडिंग एरर’ आला, तर आवाज थोडा उतरवून पाहा. तरीही नाही जमले तर केबल बदला.